दाबाचा आलेख काटेरी येतोय? आधी पाणी स्थिर उभं करून बघा

दर काही महिन्यांनी तोच निरोप येतो, फक्त पाठवणारा बदलतो. "सर, एसपीएचमध्ये धरणफुटीची केस चालवली. पाणी छान कोसळतंय, लाट भिंतीवर चढतेय, व्हिडिओ एकदम झकास. पण भिंतीवरच्या दाबाचा आलेख निवडुंगासारखा काटेरी आहे. अल्फा वाढवू का?" खाली स्क्रीनशॉट. आलेखात खरा दाब कुठे आणि कचरा कुठे, हे देवालाच ठाऊक. (एसपीएच म्हणजे 'स्मूद्ड पार्टिकल हायड्रोडायनॅमिक्स': पाणी सुट्या कणांचं आहे असं धरून त्याचं वाहणं संगणकावर काढायची पद्धत. धरणफुटीची केस म्हणजे पाण्याच्या ठोकळ्यासमोरचा दरवाजा उघडून ते समोरच्या भिंतीवर आदळू द्यायचं. अल्फा हा कृत्रिम चिकटपणाचा गुणक, त्याकडे पुढे येतोच.)

माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: हेच पाणी, समोरचा दरवाजा न उघडता, टाकीत नुसतं उभं राहतं का? यावर बहुतेक वेळा शांतता पसरते. उभं पाणी कोण सिम्युलेट करतं? त्यात बघण्यासारखं काय आहे?

बघण्यासारखं त्यातच आहे. प्रत्येकाला वेगवेगळं सांगून दमलो, म्हणून आता एकदाच लिहून ठेवतो.

(पुण्यात वाढलेल्या माणसाला 'धरणफूट' हा शब्द बेंचमार्कचं नाव म्हणून वापरताना जरा अडखळायला होतं. १२ जुलै १९६१ आणि पानशेतचा विषय इथे अजून घराघरात निघतो. पण क्षेत्रात नाव तेच रूढ आहे, तेव्हा तेच वापरतो.)

हिशोब एकदा हाताने करा

ही पद्धत मुळात पाण्यासाठी जन्मली नाही. १९७७ मध्ये एकीकडे ल्यूसी आणि दुसरीकडे गिंगोल्ड व मोनाघन यांनी ती ताऱ्यांच्या अभ्यासासाठी स्वतंत्रपणे मांडली. ताऱ्यांचा वायू दाबला जातो, त्यामुळे घनतेवरून दाब काढणं तिथे स्वाभाविक होतं. १९९४ मध्ये मोनाघनने तीच युक्ती मोकळ्या पृष्ठभागाच्या पाण्याला लावली. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, म्हणून त्याने थोडी लबाडी केली: पाणी किंचित दाबलं जातं असं धरायचं, आणि घनतेतल्या त्या किंचित फरकावरून ताठ समीकरणाने दाब काढायचा. तेच टेटचं समीकरण, घातांक ७ असलेलं. सगळी मेख या ताठपणात आहे.

एकच केस धरू. द्विमितीय टाकी, ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच पाण्याचा ठोकळा, कणांमधलं अंतर ५ मिमी. म्हणजे १२० गुणिले ६०, एकूण ७,२०० कण. स्मूदिंग लांबी (एका कणाचा प्रभाव किती दूर पोहोचतो ते ठरवणारं माप) अंतराच्या १.३ पट, म्हणजे ६.५ मिमी. साध्या लॅपटॉपवर चालेल अशी केस आहे.

कोसळणाऱ्या पाण्याचा जास्तीत जास्त वेग साधारण दोन गुणिले 'गुरुत्व गुणिले उंची'चं वर्गमूळ, म्हणजे ३.४३ मी/से. कृत्रिम ध्वनिवेग (समीकरणाचा ताठपणा हाच ठरवतो) त्याच्या दहापट घ्यायचा ही रीत, म्हणजे ३४.३ मी/से. पाण्यातला खरा ध्वनिवेग सुमारे १,४८० मी/से असतो. तो घेतला तर टाइमस्टेप (गणिताच्या एका पायरीचा वेळ) सुमारे चाळीसपट लहान होईल आणि लॅपटॉप रडेल. दहापटीचा नियम पाळला की घनतेतला बदल एक टक्क्याच्या आसपास राहतो, आणि सगळे खूश असतात.

आता तळाचा दाब काढा. ३० सेंमी पाण्याखाली १,००० गुणिले ९.८१ गुणिले ०.३, म्हणजे २,९४३ पास्कल. दाबातला बदल म्हणजे ढोबळमानाने ध्वनिवेगाचा वर्ग गुणिले घनतेतला बदल. ध्वनिवेगाचा वर्ग इथे सुमारे १,१७६. म्हणजे तळाशी पाण्याची घनता १,००० ऐवजी १,००२.५ असली की तो पूर्ण दाब तयार होतो. सगळा खेळ पाव टक्क्यात आहे.

याच गणिताची दुसरी बाजू बघा. कणांची मांडणी थोडी विस्कटली आणि एखाद्या कणाच्या घनतेत ०.१ टक्क्याची चूक झाली, तर दाबात १,१७६ पास्कलची चूक झाली. तळाच्या एकूण दाबाच्या ४० टक्के! आणि शेजारच्या कणांची बेरीज करून घनता काढणाऱ्या कोडमध्ये, विस्कटलेल्या कणांवर ०.१ टक्का चूक म्हणजे काहीच नाही. वरच्या थरात तर हसू येईल अशी परिस्थिती: पहिली ओळ पृष्ठभागापासून अडीच मिमी खाली, तिथला दाब जेमतेम २५ पास्कल. तो बरोबर यायला घनता ०.००२ टक्क्यापर्यंत अचूक हवी.

म्हणून काटे दिसले की दचकू नका. या पद्धतीत दाब हा घनतेतल्या बारीक चुका भिंगातून दाखवणारा आरसा आहे. चूक कुठल्या जातीची आहे, ते ओळखायचं.

अल्फा वाढवून काय होतं

आता त्या 'अल्फा वाढवू का'कडे येतो, कारण पहिला हात तिकडेच जातो.

अल्फा म्हणजे मोनाघनच्या कृत्रिम स्निग्धतेचा गुणक. द्विमितीय केसमध्ये त्याची किंमत साधारण 'अल्फा गुणिले स्मूदिंग लांबी गुणिले ध्वनिवेग भागिले ८' एवढ्या गतिज स्निग्धतेइतकी पडते. आपल्या केसमध्ये अल्फा ०.०१ घेतला तरी पाणी खऱ्या पाण्याच्या सुमारे २८० पट चिकट होतं. ०.१ घेतला तर २,८०० पट. आणि आलेख गुळगुळीत करायच्या नादात ०.५ पर्यंत गेलात, तर तुम्ही पाणी सोडून मध ओतताय.

मधाचा आलेख सुंदर येतो यात शंका नाही. लाटेचं टोक मात्र उशिरा पोहोचतं, भिंतीवर कमी चढतं, आणि धडकेचा दाब कमी दिसतो. वाईट भाग पुढे आहे: कधीकधी या चुका एकमेकींना खातात आणि निकाल प्रयोगाशी जुळतो. मी स्वतः पहिल्या वर्षी असा 'जुळलेला' आलेख तीन आठवडे मिरवला होता. मग कणांमधलं अंतर निम्मं केलं आणि जुळणी गेली, कारण स्मूदिंग लांबी निम्मी झाल्यावर चिकटपणाही निम्मा झाला होता. तेव्हापासून अल्फा ०.०१ ते ०.०५ च्या बाहेर न्यायचा असेल तर आधी कारण कागदावर लिहितो. बहुतेक वेळा लिहायला काही सुचत नाही.

स्थिर पाण्याची चाचणी

तोच ठोकळा घ्या, चारी बाजूंनी... नाही, तीन बाजूंनी भिंती आणि वर मोकळं. गुरुत्व चालू. कण शून्य वेगाने ठेवा आणि दोन-तीन सेकंद भौतिक वेळेपर्यंत रन सोडा. टाइमस्टेप सुमारे ०.००००४३ सेकंद येईल (०.२५ गुणिले स्मूदिंग लांबी, भागिले ध्वनिवेग अधिक कणवेग), म्हणजे दोन सेकंदांना ४६,००० च्या आसपास पायऱ्या. चहा होईपर्यंत सहज होतो.

मग फक्त एक चित्र काढा. आडव्या अक्षावर प्रत्येक कणाची खोली, उभ्या अक्षावर त्याचा दाब. सगळे कण, सरासरी न काढता. खरं उत्तर म्हणजे शून्यातून निघालेली एक सरळ रेषा. सर्वांत खालच्या कणाची तुलना २,९४३ शी करू नका. त्याचा मध्य तळापासून अडीच मिमी वर आहे, तेव्हा तिथे २,९१८ यायला हवं. अशा छोट्या गोष्टींवर लोक दिवस घालवतात.

हे एकच चित्र वेगवेगळ्या वेळी काढलं की आजार स्वतःहून तोंड उघडतो. मला आजवर त्याची मुख्यतः तीन रूपं दिसली आहेत.

पहिलं: सगळी रेषाच वरखाली झुलते. कण एकमेकांशी एकमत आहेत, रेषा पातळ आणि स्वच्छ आहे, पण तिचा उतार एकदा दुप्पट, एकदा शून्याजवळ, असा हलतो. हा कचरा नाही, हा आवाज आहे, अगदी शब्दशः. तुम्ही सगळ्या कणांना सुरुवातीला १,००० घनता दिलीत, म्हणजे शून्य दाब दिलात, आणि अचानक गुरुत्व लावलंत. पाण्याचा स्तंभ स्प्रिंगसारखा दबला आणि आता उसळतोय. खाली ताठ तळ आणि वर मोकळा पृष्ठभाग असलेल्या स्तंभाचा आवर्तकाळ म्हणजे चार गुणिले उंची भागिले ध्वनिवेग: १.२ भागिले ३४.३, म्हणजे ०.०३५ सेकंद. तुमच्या आलेखातल्या दोन शिखरांमधलं अंतर मोजा. ३५ मिलिसेकंद आलं तर निदान पक्कं. अजून शंका असेल तर ध्वनिवेग दुप्पट करून बघा. अंतर निम्मं झालं पाहिजे. खऱ्या भौतिक घटनेला तुमच्या कृत्रिम ध्वनिवेगाशी काही देणंघेणं नसतं, त्यामुळे ही कसोटी इतरत्रही कामी येते.

उपाय सोपा आहे. टेटचं समीकरण उलटं फिरवून प्रत्येक कणाला त्याच्या खोलीनुसार घनता द्या, तळाशी १,००२.५ आणि वर १,०००. किंवा सगळ्यांना १,००० च ठेवून गुरुत्व पहिल्या काही आवर्तकाळांत शून्यापासून हळूहळू पूर्ण किमतीपर्यंत वाढवा. दोन्ही एकदम नको, नाहीतर आधीच दबलेला स्तंभ गुरुत्वाविना उसळेल. धरणफुटीत मात्र एक पथ्य: गुरुत्व वाढवत असताना दरवाजा बंद हवा, आणि दरवाजा उघडल्याची वेळ हाच तुमचा शून्य क्षण. हे विसरून लाट 'उशिरा पोहोचते' म्हणून तक्रार करणारे कमी नाहीत.

दुसरं: रेषेचा उतार बरोबर, पण रेषेऐवजी जाड पट्टा. एकाच खोलीवरच्या शेजारी कणांचे दाब वेगवेगळे, एक उंच तर शेजारचा खोल, बुद्धिबळाच्या पटासारखे. काटेरी आलेखाचा खरा मालक हाच. हा कणपातळीवरचा गोंगाट आहे आणि ध्वनिवेग वाढवून तो जात नाही, उलट वाढतो.

इथे उपाय तीन आहेत आणि क्रम महत्त्वाचा आहे.

आधी कर्नल बघा, म्हणजे शेजाऱ्याचा प्रभाव अंतरानुसार किती धरायचा ते ठरवणारं फलन. क्यूबिक स्प्लाइन हे कर्नल वापरत असाल आणि 'शेजारी जास्त म्हणजे अचूकता जास्त' अशा भाबड्या हिशोबाने स्मूदिंग लांबी वाढवली असेल, तर कण जोडीजोडीने एकमेकांना चिकटतात. कारण समजून घ्या, ते पुढे घन पदार्थांतही लागेल. या कर्नलचा उतार स्मूदिंग लांबीच्या दोन तृतीयांश अंतरावर सर्वांत तीव्र असतो. त्याहून जवळ आलेल्या कणांमधलं प्रतिकर्षण कमी होत जातं. लांबी १.३ पट असेल तर ते अंतर कणांतराच्या ०.८७ पट येतं, शेजारी सुरक्षित बाहेर राहतो. लांबी २ पट केली तर ते १.३३ पट होतं, आणि शेजारी आत अडकतो. मग दोघं मिठी मारून बसतात. तुम्हाला वाटतं ५० शेजारी आहेत, प्रत्यक्षात २५ जोड्या. वेंडलँड कर्नलमध्ये ही जोडीची खोड नाही. डेहनेन आणि अली यांनी २०१२ मध्ये त्याचं कारणही नीट मांडलं आहे. आज नवीन काम सुरू करणाऱ्याने वेंडलँडच घ्यावं, वाद घालू नये.

मग घनतेचं विसरण (डिफ्यूजन) लावा. डेल्टा-एसपीएच म्हणून जी पद्धत प्रसिद्ध आहे, तिच्यात सातत्य समीकरणात (घनता कशी बदलते ते सांगणाऱ्या) एक छोटं विसरणाचं पद येतं, गुणक डेल्टा ०.१. शेजाऱ्यांमधल्या घनतेची ती पटासारखी चढउतार हे पद पुसून टाकतं आणि पाण्याला मध करत नाही. मोल्तेनी आणि कोलाग्रोस्सी यांचं २००९ चं मूळ पद मोकळ्या पृष्ठभागाजवळ गडबडतं, कारण तिथे कर्नल अर्धवट कापलं जातं. उभ्या पाण्यात त्यामुळे वरचा थर हळूहळू फुगताना दिसेल. अंतुओनो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये घनतेचा सुधारित उतार वापरून ती चूक काढली. डुअलएसपीफिजिक्स या एसपीएचच्या सॉफ्टवेअरमध्ये याच कामासाठी डेन्सिटी डिफ्यूजनचे पर्याय आहेत. त्यातला फोर्टाकास नावाचा घ्या. तो स्थिर दाबाचा भाग वगळून फक्त उरलेल्या घनतेचं विसरण करतो, त्यामुळे उभं पाणी उभंच राहतं.

तिसरा उपाय म्हणजे दर वीस-तीस पायऱ्यांनी शेपर्ड गाळणी (शेजाऱ्यांवरून घनतेची नव्याने सरासरी काढणारी) फिरवणं. जुन्या कोडमध्ये अजून आढळते. चालते, पण दीर्घ रनमध्ये पाण्याचं आकारमान चोरपावलांनी बदलते. विसरण उपलब्ध असताना मला तिची गरज पडलेली नाही.

तिसरं: रेषा वर सरळ, तळाशी वाकते किंवा तुटते. दोष पाण्यात नाही, भिंतीत आहे. पहिलं मोजा: भिंतीच्या कणांचे थर किती? कर्नलचा पल्ला स्मूदिंग लांबीच्या दुप्पट, म्हणजे १३ मिमी. कणांतर ५ मिमी. तेव्हा भिंतीला तीन थर हवेत. एकच थर ठेवून तळाच्या कणाला अर्धं शेजार रिकामं द्यायचं आणि मग दाब कमी का म्हणून विचारायचं, हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की आता आलेख न बघताच थर विचारतो.

थर बरोबर असूनही तळाशी पाणी आणि भिंत यांच्यात साधारण एका स्मूदिंग लांबीची फट दिसत असेल, तर तुम्ही डायनॅमिक बाउंडरी वापरताय. भिंतीच्या कणांनाच पाण्यासारखं सातत्य समीकरण लावायचं, ही ती सोपी आणि वेगवान युक्ती. पाणी जवळ आलं की भिंतीची घनता वाढते, दाब वाढतो आणि पाणी मागे ढकललं जातं. मजबूत आहे, पण गरजेपेक्षा जास्त ढकलते. ३० सेंमी टाकीत साडेसहा मिमीची फट म्हणजे मोठी गोष्ट. अदामी, हू आणि अ‍ॅडम्स यांची २०१२ ची पद्धत इथे जास्त प्रामाणिक आहे: भिंतीच्या कणाचा दाब आसपासच्या पाण्यावरून काढायचा आणि त्यात गुरुत्वाचा भाग मिळवायचा. डुअलएसपीफिजिक्सवाल्यांनी सुधारित डायनॅमिक बाउंडरी आणली आहे, ती चालू करताना भिंतीच्या लंबदिशा नीट दिल्यात का ते तपासा. उलट्या लंबदिशा म्हणजे आतबाहेर शिवलेला सदरा, कळतं उशिरा.

तिन्ही दुरुस्त्या झाल्यावर पातळ, सरळ, न हलणारी रेषा मिळते. जास्तीत जास्त कणवेग 'गुरुत्व गुणिले उंची'च्या वर्गमुळाच्या, म्हणजे १.७ मी/से च्या एक टक्क्याच्या आत आला की मी समाधानी होतो. पूर्ण शून्य होत नाही. कण चौकटीतल्या जागा सोडून आपापल्या सोयीची मांडणी शोधत राहतात, गर्दीच्या लोकलमध्ये माणसं सरकतात तसे.

आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस विभागात घडलेलं पायएसपीएच वापरत असाल तर काम आणखी सोपं: त्याच्या उदाहरणांत स्थिर टाकी, धरणफूट आणि पुढे येणारी रबरी कड्यांची टक्कर, तिन्ही तयार आहेत. पायथनमध्ये असल्याने समीकरणं उघडून वाचता येतात. शिकणाऱ्याला मी आधी तेच सुचवतो.

पाणी उभं राहिलं, तरी धडक काटेरीच

आता दरवाजा उघडा. आलेख पूर्वीपेक्षा खूप शांत यायला हवा. तरी काटे उरले, तर कणांकडे बघण्याआधी मोजमापाकडे बघा.

एका बिंदूवरचा, एका कणाचा दाब म्हणजे प्रयोगशाळेतला सेन्सर नव्हे. खऱ्या सेन्सरला पृष्ठभाग असतो, तो तेवढ्या क्षेत्रावरचा दाब एकत्र मोजतो. तुम्हीही तेवढ्याच क्षेत्रावर कर्नलने सरासरी काढा. दुसरं, आउटपुट दर किती? दर ०.०१ सेकंदाला साठवत असाल तर ११-१२ मिलिसेकंदांची ध्वनिलहर (आपल्या स्तंभाचा पुढचा सूर नेमका तेवढाच आहे) विकृत होऊन संथ लहरीसारखी दिसेल आणि तुम्ही तिला भौतिक समजाल. दाब बारीक अंतराने साठवा, चित्रं जाड अंतराने. डिस्क भरणार नाही.

आणि पहिल्या शिखराच्या मागे वेड्यासारखे लागू नका. माद्रिदच्या तंत्र विद्यापीठात लोबोव्स्की आणि सहकाऱ्यांनी केलेले धरणफुटीचे प्रयोग २०१४ मध्ये छापून आले. त्यांनी तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केला, आणि धडकेचं शिखर दर खेपेस वेगळं आलं. पाणी, टाकी, दरवाजा सगळं तेच. मग तुमचं शिखर एका विशिष्ट आकड्यावर बसलं नाही म्हणून रात्री जागायचं कारण नाही. ते पसाऱ्याच्या आत आहे का ते बघा. शिखरानंतरचा पठारासारखा भाग मात्र जुळलाच पाहिजे. लाट उलटून पडल्यानंतरचं दुसरं शिखर एकट्या पाण्याच्या मॉडेलमध्ये चुकणारच, कारण तिथे कोंडलेली हवा उशीसारखं काम करते आणि तुमच्या टाकीत हवाच नाही.

पहिल्या दहा पायऱ्यांतच स्फोट होत असेल तर कारण जवळपास नेहमी एकच: भिंतीचे आणि पाण्याचे कण एकमेकांवर बसलेत. पाण्याची पहिली ओळ भिंतीपासून अर्ध्या अंतरावर हवी. कण भिंतीतून निसटत असतील तर कोपरे आणि टाइमस्टेप तपासा. नुसती ध्वनिवेगाची अट पुरत नाही, त्वरणाची अटही हवी. 'निसटलेले कण डिलीट केले' हा उपाय नव्हे, तो पुरावा नष्ट करणं आहे.

एक विचित्र प्रकार सांगून पुढे जातो, कारण त्याने मला दोन दिवस छळलं होतं. ग्राफिक्स कार्डावर एकेरी अचूकतेत (सिंगल प्रिसिजन), लांब कालव्याच्या टोकाला पाणी गोठल्यासारखं उभं होतं. सहनिर्देशक १० मीटरच्या आसपास असला की एकेरी अचूकतेत दोन लागोपाठच्या संख्यांमधलं अंतर सुमारे एक मायक्रोमीटर असतं. सेकंदाला एक मिमी सरकणारा कण एका टाइमस्टेपमध्ये त्याच्या वीसेक पट कमी सरकतो. बेरीज होते, गोलाईत जाते, कण जागचा हलत नाही. लाखो पायऱ्या, शून्य प्रवास. स्थान दुहेरी अचूकतेत ठेवा, किंवा जागेचे कप्पे पाडून प्रत्येक कणाचं स्थान त्याच्या कप्प्याच्या कोपऱ्यापासून मोजा.

घन पदार्थ: दाबलं तर ठीक, ओढलं की तुकडे

पाण्यातून घन पदार्थांकडे गेलेल्यांची तक्रार वेगळी दिसते. रबराची पट्टी हलकेच ओढली, ताण मोडण्याच्या जवळपासही नाही, तरी कण पुंजक्यांत गोळा होतात आणि मध्ये भेगा पडतात. विद्यार्थी खूश होतो: "सर, फ्रॅक्चर आपोआप आलं!" आलं नाही बाबा. फ्रॅक्चरचं मॉडेल तू लिहिलंच नाहीस.

स्वेगल, हिक्स आणि अटावे यांनी १९९५ मध्ये याचा नेमका निकष दिला. वर कर्नलच्या उताराबद्दल सांगितलं तेच उलटं करा. सर्वांत तीव्र उतार ४.३ मिमीवर, शेजारी ५ मिमीवर. ताणाखाली कण एकमेकांना खेचतात. दोन कण योगायोगाने किंचित जवळ आले की उतार वाढतो, म्हणजे खेच वाढते, म्हणजे ते आणखी जवळ येतात. झाला पुंजका. दाबाखाली हीच मांडणी स्थिर असते, म्हणून पाण्यात हा आजार लपून राहतो. पाण्यातही खांबामागे ऋण दाब आला की अशीच पोकळी फुटते. तिथे झू, स्टॅन्सबी आणि लॉरेन्स यांच्या २००९ च्या कामातून आलेलं कणांचं हलकं सरकवणं उपयोगी पडतं, पण मोकळ्या पृष्ठभागावरचे कण त्यातून वगळा, नाहीतर पाणी हवेत पसरतं.

घन पदार्थासाठी ग्रे, मोनाघन आणि स्विफ्ट यांनी २००१ मध्ये कृत्रिम ताणाचा उपाय दिला: जवळच्या कणांमध्ये, फक्त ओढ असताना, छोटं प्रतिकर्षण. गुणक ०.३, घातांक ४. त्यांची कसोटी अजून सगळे वापरतात. दोन रबरी कडी एकमेकांवर आदळतात आणि परत उसळतात. उपाय नसेल तर उसळताना तुकडे होतात. तुमच्या कोडमध्ये आधी ही कडी अखंड परतली पाहिजेत, मग तुमची तुळई.

माझं मत विचाराल तर, पदार्थ खरोखर तुटणार नसेल तर टोटल लॅग्रांजियन रूप घ्या. कर्नल मूळ, न ताणलेल्या मांडणीवर एकदाच काढायचं आणि तेच वापरायचं. कण जवळ आले म्हणून उतार बदलतच नाही, मग पुंजका होणार कुठून? शेजाऱ्यांची यादी दर पायरीला शोधायचा खर्चही वाचतो. माती कोसळणं, गाळ वाहणं, असं शेजारी बदलणारं काम असेल तर मात्र हे रूप चालत नाही, तिथे कृत्रिम ताणच.

कोणी म्हणेल, एवढं कशाला, मटेरियल पॉइंट पद्धत (कणांसोबत एक जाळीही वापरणारी) घ्या. सल्स्की, चेन आणि श्रायर यांची १९९४ ची, आणि 'फ्रोझन'मधल्या बर्फामुळे चित्रपटवाल्यांतही गाजलेली. घ्या की. ओढीत पुंजके करण्याची ही खोड तिथे अशी नसते, पण तिथेही ताणाचा आलेख काटेरी येतो, कारण निराळं. कण जाळीच्या एका कप्प्यातून दुसऱ्यात गेला की साध्या रेषीय फलनाचा उतार एकदम चिन्ह बदलतो आणि ताणाला धक्का बसतो. काट्यांच्या वेळा कणाने कप्पा ओलांडण्याच्या वेळांशी ताडून बघा, जुळतील. बार्डेनहेगन आणि कोबर यांचं २००४ चं रूप, ज्यात कणाला बिंदूऐवजी रुंदी असते, किंवा रेषीय फलनाऐवजी गुळगुळीत बी-स्प्लाइन, यातलं एक लावा.

यापुढे मला विचारायला येताना व्हिडिओ पाठवू नका. स्थिर पाण्याचं खोली-दाबाचं चित्र पाठवा, ०.१, ०.५ आणि २ सेकंदांचं, सगळे कण दाखवणारं. सोबत पाच आकडे: कणांतर, स्मूदिंग लांबी, ध्वनिवेग, अल्फा, आणि भिंतीचे थर. शेवटचा आकडा पाठवण्याआधी स्वतः एकदा मोजा.